भागीदारीची पारख : तीन करारांच्या आधारे एक समीक्षा

१. शब्द आणि अर्थ

‘भागीदारी’ हा शब्द मराठी व्यवहारात नवा नाही. पेढी, गलबत, विहीर, शेत अशा अनेक ठिकाणी भागीदार असत आणि त्या प्रत्येक ठिकाणी ‘भाग’ या शब्दाला दुहेरी अर्थ असे : लाभातील वाटा आणि हानीतीलही वाटा. अर्धेलीने शेत कसणारा आणि त्या शेताचा मालक यांचे सामाजिक स्थान समान नव्हते, किंबहुना ते अत्यंत विषम होते. तथापि पाऊस न झाल्यास खळ्यावरील रास दोघांच्याही वाट्याला कमीच येई. भाग आणि जोखीम यांची ही सांगड हाच भागीदारीचा गाभा होय. ती सांगड सुटली की उरते ती केवळ मक्तेदारी, चाकरी किंवा ठेकेदारी.

१९९१ नंतरच्या काळात शासकीय परिभाषेत ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हा जोडशब्द रूढ झाला. लोकोपयोगी सेवा वा सुविधा उभारण्यासाठी शासकीय संस्था आणि बिगरशासकीय संस्था यांनी दीर्घ मुदतीचा करार करावा, भांडवल व कौशल्य यांची देवघेव करावी आणि जोखीम परस्परांत वाटून घ्यावी, असा त्याचा सामान्य आशय आहे. अशा भागीदाऱ्यांपैकी ज्या स्थानिक अर्थव्यवस्थेला बळकटी देतात आणि निसर्गसंपत्तीचा ऱ्हास न होऊ देता टिकून राहतात, त्यांची दखल घ्यावी, त्यांना मान्यता द्यावी, प्रसंगी त्यांचा गौरव करावा, हा विचार अलीकडे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवर पुढे आला आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु गौरव करण्यापूर्वी पारख करावी लागते आणि ती करण्याची कसोटी कोणती, हा प्रश्न अद्याप पुरेसा तपासला गेलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

२. प्रचलित कसोट्या

या क्षेत्रातील विचार अगदीच उथळ राहिला आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारत सरकारने डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१५ मध्ये सादर केलेल्या अहवालात जोखमीच्या वाटपाला मध्यवर्ती स्थान दिले. जी जोखीम पेलण्यास जो पक्ष अधिक समर्थ असेल तिच्याकडे ती सोपवावी, करारांचा भर तिजोरीच्या लाभापेक्षा सेवेच्या गुणवत्तेवर असावा आणि नागरिकांना सेवा देण्याची स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी शासनाने भागीदारीचा आधार घेऊ नये, अशा आशयाचे विवेचन त्या अहवालात आढळते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने ‘लोकप्रथम’ भागीदारीची संकल्पना मांडून प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी पाच अंगे ठरविली : सेवेची उपलब्धता व समता, आर्थिक परिणामकारकता, पर्यावरणीय शाश्वतता, अनुकरणक्षमता आणि संबंधित घटकांचा सहभाग.

या पाचांपैकी एकही अंग अनावश्यक नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या रचनेबद्दल. निरनिराळ्या अंगांना गुण देऊन त्यांची बेरीज करणाऱ्या कोणत्याही पद्धतीत एका अंगातील उणीव दुसऱ्या अंगातील अधिक गुणांनी भरून निघू शकते. शाळेतील परीक्षेत हे चालून जाते. गणितात कमी पडलेल्या मुलाला भाषेतील गुण सावरून घेतात. परंतु ज्या कोळ्याच्या खाडीतील मासळी गेली त्याचे नुकसान शहरातील विजेच्या उपलब्धतेचे गुण वाढल्याने भरून येत नाही, कारण नुकसान सोसणारा आणि लाभ मिळविणारा हे दोन वेगळे मनुष्य असतात. ही बेरीज करताना नेमकी हीच गोष्ट दृष्टीआड होते.

दुसरा आक्षेप ‘सहभाग’ या शब्दाविषयी आहे. सहभाग म्हणजे विचारले जाणे, बैठकीस बोलावले जाणे, हरकती नोंदविण्याची मुदत मिळणे, असा त्याचा सौम्य अर्थ घेतला जातो. भाग असणे आणि सहभाग असणे यांत मोठे अंतर आहे. ज्याचा भाग आहे त्याला हिशेब मागण्याचा हक्क असतो. ज्याचा केवळ सहभाग आहे त्याला निवेदन देण्याची मुभा असते.

या दोन आक्षेपांतून एक साधी कसोटी निष्पन्न होते : ज्याच्यावर जोखीम पडते त्याचा भागीदारीत भाग आहे काय? करारात कोण आहे, हे करारनामा सांगतोच. समीक्षकाने पाहावयाचे ते कराराबाहेर कोण राहिले आहे आणि त्याच्यावर काय येऊन पडते. महाराष्ट्राच्या अनुभवातील तीन प्रकरणे या कसोटीवर घासून पाहता येतात. ती एकाच आकाराची वा एकाच प्रकारची नाहीत, याची जाणीव ठेवूनच त्यांची तुलना येथे केली आहे.

३. दाभोळ : भाग एकाचा, जोखीम दुसऱ्याची

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाजवळ उभा राहिलेला दाभोळ वीज प्रकल्प हा परकीय भांडवलाच्या नव्या पर्वातील सर्वांत गाजलेला प्रकल्प होय. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला. तो कंपनीचे शिष्टमंडळ राज्यात आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत आणि स्पर्धात्मक निविदा न मागविता झाला. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये सत्तांतरानंतर तो रद्द झाला आणि १९९६ मध्ये सुधारित स्वरूपात पुन्हा मान्य झाला. ७४० मेगावॉट क्षमतेचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ व गेल या सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे आला.

या इतिहासातील राजकीय नाट्य पुष्कळ चर्चिले गेले आहे. येथे महत्त्वाची आहे ती कराराची अंतर्रचना. मंडळाने वीज घेतली वा न घेतली तरी क्षमतेपोटी ठरलेली रक्कम देणे त्याच्यावर बंधनकारक होते. दराचा मोठा हिस्सा डॉलरशी निगडित होता. म्हणजे रुपयाचे मूल्य घसरले की वीज महाग होणार. पहिल्या टप्प्यात इंधन म्हणून नॅफ्था वापरला गेला. म्हणजे त्याची किंमत चढली की वीज पुन्हा महाग होणार. देणी थकल्यास राज्य शासनाची हमी होती आणि पहिल्या टप्प्यासाठी तीमागे केंद्र शासनाची प्रतिहमी. मागणीची, चलनाची व इंधनाची अशा तिन्ही जोखमी अशा रीतीने सार्वजनिक पक्षाकडे आल्या. विद्युत मंडळ पुढे प्रकल्प कंपनीत १५ टक्क्यांचे भागधारकही झाले, परंतु भाग हाती आल्याने जोखमीचे हे वाटप बदलले नाही. कंपनी कायद्याच्या अर्थाने मंडळ भागीदार होते. व्यवहाराच्या अर्थाने ते मुख्यतः हमीदार होते.

आणि हमीदारामागे आणखी एक वर्ग होता, ज्याचे नाव करारात कोठेच नव्हते. अंजनवेल, वेलदूर या परिसरातील शेतकरी व मच्छीमार यांनी जमीन, पाणी आणि खाडीतील मासेमारी यांविषयी भीती व्यक्त करून दीर्घकाळ आंदोलन केले. त्यांच्याकडून जे घेतले गेले त्याची गणना ‘नुकसानभरपाई’ या एकरकमी शीर्षकाखाली झाली; प्रकल्प यशस्वी झाल्यास त्यांना वाटा नव्हता आणि फसल्यास परत मिळण्यासारखे काही नव्हते. स्थानिक अर्थव्यवस्थेशी प्रकल्पाचा संबंध बांधकामाच्या काळातील मजुरीपलीकडे फारसा गेला नाही. इंधन बाहेरून येणार, वीज बाहेर जाणार, नफा आणखी बाहेर जाणार, अशी ती रचना होती. प्रकल्प बंद पडल्यावर गुहागरच्या बाजारपेठेला जे जाणवले ते मुख्यतः वस्ती ओसरल्याचे रितेपण होते.

दाभोळच्या अपयशाचे खापर भ्रष्टाचारावर, घाईवर किंवा एका कंपनीच्या लबाडीवर फोडण्याची प्रवृत्ती आढळते. ती कारणे नाकारण्याचे प्रयोजन नाही. तथापि हा करार अत्यंत प्रामाणिक मनुष्यांनी केला असता तरीही, त्याची रचना हीच राहिली असती तर, त्यातील जोखीम ग्राहकावर आणि किनाऱ्यावरच येऊन पडली असती. दोष व्यक्तींच्या आधी रचनेत होता.

४. प्रवरानगर : भाग कसणाऱ्याचा, भार पाण्याचा

याच्या बरोबर उलट दिशेचे उदाहरण चार दशके आधीचे आहे. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि त्या वेळच्या मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ त्यास लाभले होते.

या कारखान्याची गणना सार्वजनिक-खासगी भागीदारीत करावी काय, अशी शंका घेतली जाईल. सहकारी संस्था ही रूढ अर्थाने खासगी नव्हे, हे खरे. परंतु ती शासकीयही नव्हे. तिचे भांडवल तीन झऱ्यांतून आले : ऊस पिकविणाऱ्या सभासदांचे भाग, राज्य शासनाने घेतलेले भाग आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज. ज्या पाण्यावर ऊस उभा होता ते भंडारदरा धरणातून निघालेल्या प्रवरा कालव्याचे, म्हणजे सार्वजनिक खर्चाने आलेले होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या अहवालाने तर ‘राज्याची भागीदारी’ हीच संज्ञा सहकाराच्या पुनर्रचनेसाठी वापरली. ए. डी. गोरवाला हे त्या समितीचे अध्यक्ष होते आणि गाडगीळ हे सदस्य होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सुमारे ३ टक्केच सहकारी संस्थांकडून आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते, असे त्या पाहणीत आढळले होते. दुर्बल पक्षाची सौदाशक्ती वाढविण्यासाठी राज्याने आपले भांडवल त्याच्या बाजूला उभे करावे, हा त्यातील युक्तिवाद होता. आजच्या परिभाषेत राज्य बलवान खासगी भांडवलाला निमंत्रण देते. त्या परिभाषेत राज्य दुर्बल खासगी उत्पादकाचा भागीदार होत होते. दोन्हींना ‘भागीदारी’ म्हणतात, परंतु दोन्हींच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत.

या रचनेचा स्थानिक परिणाम निर्विवाद आहे. ऊस गावातला, कारखाना गावात, नफ्याचे वाटप उसाच्या दराच्या रूपाने गावात. ऊसबिलातून कापून घेतलेल्या ठेवींतून कारखान्यांचा विस्तार झाला आणि त्यांच्या आधाराने शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. प्रवरा परिसरातील शिक्षणसंस्थांचा पसारा हे त्याचे ठळक उदाहरण. खासगी साखर कारखाने या भागात त्यापूर्वीही होते. परंतु त्यांच्या दृष्टीने आसमंतातील शेतकरी हा जमीन खंडाने देणारा किंवा ऊस पुरविणारा होता. सहकारी कारखान्यात तो भागधारक झाला, आणि हंगाम बुडाला तर त्याची झळ ज्याला लागणार त्याच्याच हाती मत आले. कसोटीचा पहिला भाग येथे उतरतो.

तथापि कसोटी तेथेच थांबत नाही. कराराबाहेर कोण राहिले, हे प्रवरेच्या प्रतिमानालाही विचारले पाहिजे. पहिले उत्तर : ऊसतोड कामगार. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून दर हंगामाला मुकादमाकडून उचल घेऊन येणारी जोडपी, ज्यांची गणतीच ‘कोयता’ या एककाने होते, ती कारखान्याची सभासद नाहीत आणि बहुधा त्याची प्रत्यक्ष नोकरही नाहीत. पाऊस, गाळपाचे दिवस, आजारपण, अपघात यांची जोखीम त्यांच्यावर आहे; भाग मात्र नाही. दुसरे उत्तर : पाणी. ऊस हे लागवडीखालील क्षेत्राचा अल्प हिस्सा व्यापणारे, परंतु सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा घेणारे पीक आहे. कालव्याच्या टोकाचा शेतकरी, खालच्या खोऱ्यातील गाव आणि पुढील पिढी हे सारे या भागीदारीचे मूक जामीनदार ठरले.

तिसरे उत्तर राज्याच्याच भूमिकेत आहे. शासनाचे भाग हे दुर्बलाला आधार म्हणून आले. कालांतराने ते सत्तेचे साधन झाले. कारखान्याचे संचालकपद हे विधानसभेची पायरी बनले, आणि हमीवर दिलेली कर्जे थकल्यावर अनेक सहकारी कारखाने पुढे खासगी मालकीत गेले. राज्य भागीदार असेल तर राज्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नाला सहकारी कायद्यात समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

असे असूनही दाभोळ आणि प्रवरा यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. एका ठिकाणी करार फसल्यावर सार्वजनिक तिजोरीवर बोजा राहिला; दुसऱ्या ठिकाणी दोषांसह का होईना, संस्था, कौशल्य आणि हिशेब मागण्याची सवय राहिली.

५. पुणे : भाग श्रमणाऱ्याचा, मुदत अनिश्चित

ज्या श्रमिकाला साखरेच्या सहकाराने उंबऱ्याबाहेर ठेवले त्याच्याच श्रमावर उभी राहिलेली भागीदारी शोधावयाची तर पुणे शहरातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेकडे वळावे लागते. या संस्थेचे मूळ एका विद्यापीठ विभागाच्या कामात आहे, ही गोष्ट विद्यापीठीय वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण कार्यातून १९९० च्या सुमारास पुण्यातील कचरावेचक स्त्रिया व मुले यांच्याशी संपर्क आला. हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या साहाय्याने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कामगार संघटना स्थापन झाली. संघटनेची पहिली मागणी वेतनाची नव्हती, ओळखीची होती. रस्त्यावर कचरा वेचणारी स्त्री चोर नसून कामगार आहे, हे महापालिकेने मान्य करावे, ही ती मागणी. आणि त्यानुसार महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली.

२००० च्या घनकचरा नियमांनी घरोघर कचरा गोळा करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. नियम चांगला होता. परंतु त्यातून एक नवी जोखीम निर्माण झाली. हे काम गाड्या असलेल्या ठेकेदाराकडे गेले तर कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हा सारा माल रस्त्यावरील पेटीत येण्यापूर्वीच गाडीत जाणार आणि वेचणारीचा आधार तुटणार. शहर स्वच्छ होणार आणि त्या स्वच्छतेची किंमत शहरातील सर्वांत गरीब स्त्री मोजणार. यावर संघटनेने विरोधाचा नव्हे, भागीदारीचा मार्ग काढला. घरोघर कचरा गोळा करण्याचे काम कचरावेचकांनाच द्यावे, असा प्रस्ताव पुढे आला. प्रायोगिक कामानंतर सहकारी संस्थेची नोंदणी झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

कराराची रचना पाहण्यासारखी आहे. दोघीदोघींच्या जोड्या ठरावीक घरांतून ओला व सुका कचरा वेगळा घेतात. सेवेचे मासिक शुल्क घरमालक थेट त्यांना देतात. सुक्या कचऱ्यातील विक्रीयोग्य मालावर हक्क वेचणारीचा. महापालिका ढकलगाड्या, हातमोजे यांसारखी साधने आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च देते. उरलेला कचरा पुढे नेण्याची जबाबदारी तिची. संस्थेच्या सभासदांची संख्या ३,००० हून अधिक झाली. त्यांत स्त्रियांचे आणि दलित समाजातून आलेल्यांचे प्रमाण मोठे आहे.

स्थानिक अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने या रचनेत पैशाचा प्रवास फार आखूड आहे. घरातून निघालेले शुल्क त्याच प्रभागाच्या कडेच्या वस्तीत पोचते. भंगाराचे पैसे शहरातील भंगारवाल्याकडून येतात आणि किराणा, शाळा, औषध यांवर शहरातच खर्च होतात. पर्यावरणाच्या दृष्टीने वेगळा केलेला प्रत्येक किलो माल उरुळी देवाची-फुरसुंगी येथील कचरा डेपोवर जात नाही. आणि त्या गावांनी अनेक वर्षे शहराचा कचरा सोसून केलेली आंदोलने स्मरली तर या किलोचे मोल नुसते भंगाराच्या दरात मोजता येत नाही. सार्वजनिक तिजोरीच्या दृष्टीने गोळा करण्याचा व वाहतुकीचा खर्च वाचतो. शाश्वतता, स्थानिक उत्पन्न व काटकसर ही तीन उद्दिष्टे येथे एकाच हाताने साधली जातात.

परंतु कसोटी येथेही लावली पाहिजे. या भागीदारीत श्रमिकाचा भाग आहे, हे खरे. जोखीम मात्र कितीतरी अधिक त्याच्याचकडे आहे. घराने शुल्क दिले नाही तर तूट वेचणारीची. प्लास्टिकचा भाव पडला तर तूट तिची. २०२० च्या टाळेबंदीत भंगाराची दुकाने बंद झाली तेव्हा अत्यावश्यक सेवा म्हणून काम चालू राहिले, परंतु विक्रीचे उत्पन्न आटले. काचेने हात कापला तर मजुरी तिचीच बुडते. महापालिकेच्या कायम सफाई कामगाराला वेतन, रजा व निवृत्तिवेतन आहे. तेच काम करणाऱ्या सभासदाला नाही. यामुळे श्रमिक चळवळीतील काहींचा आक्षेप असा की, सहकाराच्या नावाखाली महापालिकेने आपले कर्तव्य स्वस्तात उरकून घेतले. केळकर समितीने शासनाने जबाबदारी टाळण्याविषयी दिलेला इशारा येथे वेगळ्या अर्थाने लागू पडतो.

या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे. कायम नोकरीच्या मार्गाने इतक्या निरक्षर, वयस्क स्त्रियांना महापालिकेत प्रवेश मिळणे दुरापास्त होते. खरा पर्याय कायम नोकरी हा नसून ठेकेदाराची रोजंदारी हा होता. त्या पर्यायाच्या तुलनेत मालावरील हक्क आणि संस्थेतील मत ही मोठी प्राप्ती होय. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु वाद ज्या मुद्द्यावर निर्णायक होतो तो तिसराच आहे, तो म्हणजे कराराची मुदत. पहिला करार २०१३ मध्ये संपला आणि दुसरा दीर्घ करार २०१६ मध्ये झाला; मधला काळ अनिश्चिततेत गेला. २०२० अखेरीस त्याची मुदत संपल्यावर पुन्हा अल्पमुदतीच्या वाढीचे पर्व आले. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले असतानाही हे घडले. ज्या कामाचा दाखला देशोदेशीच्या अभ्यासकांनी दिला, त्या कामाचा करार महिन्यामहिन्यांच्या मुदतवाढीवर चालावा, यातील विसंगती उघड आहे. दाभोळच्या भांडवलाला हमी आणि हमीला प्रतिहमी मिळाली. पुण्याच्या श्रमाला पुढच्या वर्षाची खात्रीही सहजी मिळाली नाही.

६. निष्कर्ष

तीन प्रकरणे एकत्र ठेवली म्हणजे एक क्रम दिसतो. दाभोळमध्ये स्थानिक मनुष्य पूर्णपणे कराराबाहेर होता. प्रवरेत कसणारा आत आला, परंतु तोडणारा आणि पाणी बाहेर राहिले. पुण्यात श्रमणारी आत आली आणि निसर्गाचा भारही काही अंशी हलका झाला, परंतु सार्वजनिक पक्षाचे दायित्व मुदतीच्या कागदापुरते उरले. आत घेतलेल्यांचे वर्तुळ प्रत्येक वेळी रुंदावले. मात्र त्याच प्रमाणात राज्याने दिलेले अभिवचन क्षीण झाले. बलवान भागीदाराला राज्य हमी देते, मध्यम भागीदाराला भागभांडवल देते आणि दुर्बल भागीदाराला प्रशस्ती देते. हा योगायोग मानणे कठीण आहे. सौदाशक्तीच्या विषमतेचाच तो परिणाम होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की, वीजप्रकल्प आणि कचरा-संकलन यांच्या भांडवलाचे प्रमाण इतके भिन्न आहे की एकाला मिळणारी हमी दुसऱ्याला देण्याची गरजच नसते. भांडवलापुरते हे खरे आहे. परंतु हमीचे प्रयोजन भांडवलाचे आकारमान नसून नुकसान सोसण्याची अक्षमता हे असेल, तर दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या सभासदाला तिची गरज अधिक आहे आणि तिची किंमत कितीतरी कमी आहे. किमान उत्पन्नाची तरतूद, अपघात व आजारपणाचे संरक्षण, शुल्क थकविणाऱ्या घराकडून वसुलीची महापालिकेने घेतलेली जबाबदारी आणि दीर्घ मुदत, एवढ्या चार गोष्टी करारात आल्या तरी जोखमीचे पारडे बरेच सावरते.

यास्तव भागीदाऱ्यांना मान्यता देण्याच्या पद्धतीत काही फेरबदल आवश्यक ठरतात. पहिला, बेरजेच्या गुणांकनापूर्वी एक अट असावी : ज्याच्यावर मोठी जोखीम पडते असा कोणताही वर्ग कराराबाहेर राहिला असेल तर इतर गुण कितीही असोत, त्या भागीदारीला मान्यता देऊ नये. दुसरा, पारख उद्घाटनाच्या वेळी नव्हे, तर पहिल्या मुदतीच्या अखेरीस व्हावी, कारण कराराचे खरे स्वरूप नूतनीकरणाच्या वेळी प्रकट होते. तिसरा, मान्यता ही केवळ खासगी पक्षाला देण्याची प्रथा बदलून सार्वजनिक पक्षाच्या वर्तनाचीही तीत तपासणी व्हावी. दोन भागीदारांपैकी एकानेच परीक्षेस बसावे, ही रीत न्याय्य नव्हे.

विद्यापीठीय संशोधनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, करारनामे, मुदतवाढीचे ठराव आणि सर्वसाधारण सभेतील कामकाज ही अर्थशास्त्राची व राज्यशास्त्राची प्राथमिक साधने मानून ती वाचली गेली पाहिजेत. प्रकल्प-अहवालात भागीदारीचे हेतू सापडतात. जोखीम कोणाच्या माथी मारली आहे ते बहुधा एखाद्या उपकलमात आणि मुदतवाढीच्या एका ओळीत सापडते. प्रवरेच्या काळात गाडगीळांसारखा अभ्यासक कारखान्याच्या अध्यक्षपदावर बसला आणि पुण्यात एका विद्यापीठाचा विभाग रस्त्यावरील श्रमिकांपर्यंत पोचला. या दोन्ही घटनांत ज्ञान हे दुर्बल भागीदाराच्या बाजूचे भांडवल झाले होते. ‘स्वच्छ’च्या करारातील जोखमीचे वाटप अद्याप समतोल झालेले नाही आणि ऊसतोड कामगाराला तर कोणत्याही करारात अजून भाग मिळालेला नाही. या दोन प्रश्नांची उकल होईपर्यंत गौरवाच्या याद्या अपुऱ्याच मानल्या पाहिजेत.